गळके तळे

आमच्या धाराशिव जिल्ह्यात तळ्याचे कौतुक तसे अलीकडचे. (जिल्ह्याचे नाव कागदोपत्री बदलले ते २०२३ मध्ये, आमच्या घरातली म्हातारी माणसे मात्र उस्मानाबादच्या काळातही धाराशिवच म्हणत.) भंडारा-गोंदियाकडचा माणूस आपल्या गावाविषयी बोलू लागला की दोन वाक्यांत मालगुजारी तलावावर येतो. आमच्याकडचा माणूस विहिरीवर येतो. आड, विहीर, बारव ही आमची पाण्याची नावे. मुलगी द्यायची तर जमीन किती, याच्याबरोबर विहीर किती परस आहे आणि पाणी कुठल्या महिन्यापर्यंत पुरते, हेही विचारले जाई. तळे आहे का, असे कुणी विचारल्याचे मला आठवत नाही.

यात पूर्वजांचा आळस नाही. आमची जमीन लाव्हारसाच्या थरांची. वर काळी माती, कुठे हातभर तर कुठे पुरुषभर. तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण. पडलेले पाणी मातीतून मुरमात उतरते आणि पाषाणाच्या भेगांतून वाट काढत जाते. ते जिथे सापडेल तिथे माणसाने खाली उतरायचे, ही आमची रीत. पाणी जमिनीच्या वर अडवून धरायचे तर नदी हवी आणि नदी अडवायला राजा हवा. नळदुर्गच्या किल्ल्यात तसा राजा मिळाला. त्याची गोष्ट पुढे येईल. बाकी मुलखाने विहिरी खणल्या.

राजानंतर पाणी अडवायला आला तो दुष्काळ, १९७२ चा. त्या वर्षी आमच्या भागातल्या बायामाणसांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली, मातीच्या पाट्या वाहिल्या, नाले बांधले आणि पाझर तलाव उभे केले. माझी आई त्यांत होती. पाझर तलाव हे नाव सरकारी असले तरी फार नेमके आहे. पाणी धरून ठेवण्यापेक्षा ते जमिनीत पाझरावे म्हणून बांधलेला तलाव. आईला हे काही पटत नसे. “सरकारनं गळका तलाव बांधला आन् आमच्याच हातनं बांधून घेतला,” असे ती हसत सांगे. त्या गळक्या तलावाखालच्या विहिरींना मात्र पुढे कितीतरी वर्षे उन्हाळ्यापर्यंत पाणी राहिले, हेही तीच सांगे.

ही कल्पना तशी जुनीच. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हाच, पावसाचे पाणी शेतात मुरेल असे बंधारे सरकारने फौजेतल्या आणि पोलिसांतल्या माणसांकडून बांधून घ्यावेत, असे सुचवले होते. फौज काही आली नाही. शेतकऱ्यानेच पाटी उचलली.

आजचे शेततळे हा त्या पाझर तलावाचा नातू म्हणायचा. फरक एवढाच, की आजोबा गावाचा होता आणि नातू एकट्याच्या सातबाऱ्यावरचा आहे. या एका फरकाने किती गोष्टी बदलतात, ते गेली काही वर्षे मी आमच्याच घरात पाहतो आहे.

आमचे शेत तुळजापूर तालुक्यात. अकरा एकर, त्यातले वरचे चार एकर हलके आणि खालचे ओढ्याकडे उतरत गेलेले काळे. सोयाबीन, तूर, उडीद, मागून हरभरा आणि ज्वारी. माझे थोरले भाऊ आण्णा ते कसतात. मी सोलापुरात नोकरी केली, निवृत्त झालो आणि आता महिन्यातले पंधरा दिवस गावी असतो. पुतण्याने शेतकीची पदविका घेतली आहे. तो आण्णांचा उजवा हात आहे आणि घरातला विरोधी पक्षही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आणली. किमान ६० आर जमीन असलेल्याला मागता येई. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल हे तिच्यातले सर्वांत मोठे माप. अनुदान जास्तीत जास्त ५०,००० रुपये, तेही आधी खणायचे आणि मग घ्यायचे. त्याच एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी येऊ लागले होते. शेजारच्या जिल्ह्याचे अख्खे शहर आगगाडीच्या वाघिणींतून पाणी पिते आहे, हे पाहिल्यावर आमच्या गावात अर्जांसाठी रांग लागली नसती तरच नवल.

आण्णांनी अर्ज केला, पण खणायची घाई केली नाही. “एक पावसाळा बघू,” म्हणाले. २०१६ चा पावसाळा आमच्याकडे चांगला झाला. जोराचा पाऊस सुरू झाला की घरची बाकी माणसे आत येत आणि आण्णा डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ घेऊन बाहेर पडत. पाणी वरच्या बांधावरून कुठे उतरते, कुठे वळते, कुठे नुसते वाहते आणि कुठे माती घेऊन जाते, हे ते पाहत फिरायचे आणि जागोजाग खुंट्या ठोकून यायचे. दिवाळीपर्यंत शेतात अशा वीस-पंचवीस खुंट्या झाल्या होत्या. त्या सगळ्या मिळून जी रेघ दिसत होती, तिच्या खालच्या टोकाला तळ्याची जागा ठरली.

तळ्याविषयी एकच सल्ला कुणाला द्यायचा झाला तर मी हाच देईन. लोक जागा ठरवतात ती पोकलेन कुठवर येईल, विजेचा खांब कुठे आहे, बोअर कुठे आहे यावरून. पाणी कुठून येईल हा प्रश्न खणून झाल्यावर पडतो. ऐन ओढ्यात खणले तर पहिल्याच पुरात ते गाळाने भरते आणि माळाच्या टेकाडावर खणले तर आकाशातून पडेल तेवढेच पाणी मिळते. वरची चार-पाच एकर जमीन आपले वाहते पाणी जिथे आणून देते, पण ओढ्याचा लोंढा जिथे पोचत नाही, ती मधली जागा. आमच्या जिल्ह्यात पावसाची वर्षाची सरासरी ७०० मिलिमीटरच्या आगेमागे आहे. म्हणजे एका एकरावर वर्षाला जवळपास २८ लाख लिटर पाणी पडते. सरकारी मापाचे सर्वांत मोठे तळे भरायला यापेक्षा कमी लागते. अर्थात पडलेल्यातले बरेच माती पिते, तिने ते प्यायलाच हवे, आणि वाहून येतो तो उरलेला वाटा. तरीही हिशेब जमतो.

मार्चमध्ये चाचणी खड्डा घेतला. दोन हात काळी माती, मग पिवळसर मुरूम, दहा फुटांवर तो टणक होत गेलेला. पुतण्याचा चेहरा उतरला. मुरमात तळे टिकत नाही, हे तो पुस्तकात शिकला होता आणि ते खरेच आहे. निव्वळ काळ्या मातीत पाणी जास्त टिकते. पण काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि तळ्याचे काठ दरवर्षी ढासळत जातात. मुरमाचा काठ उभा राहतो, पण तो पाणी सोडतो. दोन्हीकडचे सुख एकदम मिळत नाही.

एप्रिल २०१७ मध्ये पोकलेन आले. चार दिवस काम चालले. तळे खणणे म्हणजे निम्मे काम माती काढण्याचे आणि निम्मे ती कुठे टाकायची याचे. वरची काळी माती आण्णांनी वेगळी काढायला लावली आणि ट्रॅक्टरने वरच्या हलक्या चार एकरांवर पसरवली. मुरूम गाडीवाटेवर आणि तळ्याच्या बांधावर गेला. बांध तळ्याच्या काठाला चिकटून घातला नाही. मध्ये मीटरभर मोकळी पट्टी सोडली, म्हणजे पहिल्या पावसात भरावाची माती परत खड्ड्यात उतरत नाही. पाणी आत येण्याच्या तोंडाशी दगड बसवले आणि त्याच्या अलीकडे दोन मीटर लांब-रुंद, मीटरभर खोल असा गाळखड्डा घेतला. पाणी आधी तिथे थांबते, माती खाली ठेवते आणि मग तळ्यात जाते.

काठाच्या उतारावरून मात्र वाद झाला. एकास एक उतार ठेवला तर ३० बाय ३० बाय ३ च्या तळ्यात २,१९६ घनमीटर पाणी मावते, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर. एकास दीड केला तर १,९७१ घनमीटरच. सव्वादोन लाख लिटर पाण्याची जागा उतारापायी जाते. मुरमाला एकास एक चालते, असे पोकलेनवाल्यानेही सांगितले. तेव्हा एरवी या कामात न बोलणाऱ्या वहिनी पुढे आल्या. “त्यात लेकरू पडलं, शेरडू पडलं, तर वर कसं यील?” एवढेच त्यांनी विचारले. उतार दीड ठेवला.

वहिनींचा प्रश्न मनाचा खेळ नव्हता. दर उन्हाळ्यात आणि दर पावसाळ्यात मराठी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर एक छोटी बातमी येते. शेततळ्यात बुडून मुलाचा मृत्यू. कधी दोघे भाऊ, कधी पाय घसरलेल्या मुलीला काढायला गेलेली आई. यातली कितीतरी तळी प्लॅस्टिकचे अस्तर घातलेली असतात. त्या अस्तराला शेतकरी ‘कागद’ म्हणतात. कागद पाण्याने ओला झाला, त्यावर शेवाळाची साय धरली की काचेसारखा गुळगुळीत होतो. पट्टीचा पोहणाराही काठापर्यंत येतो आणि वर चढू शकत नाही. हाताला धरायला काही नसते. बुडणाऱ्याला वाचवायला उडी घेणारा दुसरा माणूस त्याच सापळ्यात सापडतो.

उपाय अगदी साधे आहेत. चारी बाजूंनी तारेचे कुंपण आणि कुलूप लागणारे फाटक. काठावर रोवलेल्या खांबांना बांधून चारी कोपऱ्यांतून पाण्यात सोडलेले गाठीचे दोर. हवा भरलेली जुनी ट्यूब. टायरची किंवा दोरीची शिडी. लाखाचा कागद घालणारा माणूस हजाराचा दोर का घालत नाही, हे कोडे मला सुटलेले नाही. पोरांना दम देऊन भागत नाही. मे महिन्यात चाळीस अंशांच्या उन्हात निळेशार पाणी दिसल्यावर कुठले पोर थांबेल? आमच्या तळ्याला कागद नाही, तरी वहिनींनी कुंपण झाल्याशिवाय पाणी भरू दिले नाही, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. पाऊस त्यांचे ऐकून आठवडाभर थांबलाही.

कागद का नाही, ही आमच्या घरातली खरी गोष्ट.

पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री तळ्यात पुरुषभर पाणी आले, चहासारखे तांबूस. सकाळी अख्खे घर काठावर उभे होते. पुतण्याने बांबूवर फूट-इंचांच्या खुणा करून तो तळ्यात रोवला. आठ दिवसांत पाणी निम्मे झाले. पुन्हा पाऊस, पुन्हा भरले, पुन्हा उतरले. “काका, हे तळं नाही, चाळणी आहे,” तो मला म्हणाला. त्याच्याकडे हिशेब तयार होता. ५०० मायक्रॉनचा कागद घालायचा, थेंब गळणार नाही, शिवाय बोअर मारून भरून ठेवायचे, ठिबक करायचे आणि दोन एकर द्राक्षबाग लावायची. तालुक्यात अशा बागा त्याने पाहिल्या होत्या आणि त्यांतल्या काही खरोखर चांगल्या चालल्या आहेत.

त्याला लागलेली खरी ठेच मात्र वेगळी होती. आमच्या तळ्याच्या खाली दोनेकशे फुटांवर शेजाऱ्यांची विहीर आहे. या शेजाऱ्यांशी आमचे बांधाचे भांडण वडिलांच्या काळापासूनचे. वीतभर जमिनीवरून दोन्ही घरांनी तहसिलीच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. लग्नाकार्याला जाणेयेणे आहे, पण बांधावर उभे राहिले की बोलणे नाही. त्या वर्षी त्यांच्या विहिरीचे पाणी चढले. दरवर्षी नाताळच्या सुमाराला तळ गाठणारी विहीर माघ संपेपर्यंत उपसा देत राहिली. “खर्च आपला, जमीन आपली आणि पाणी त्यांच्या विहिरीत,” पुतण्या म्हणाला. वीतभर बांधासाठी भांडलेल्या घरात हे वाक्य किती जोराने लागते, ते गावच्या माणसाला सांगायला नको.

आण्णा दोन दिवस काही बोलले नाहीत. मग जेवताना म्हणाले, “त्याची विहीर भरली तर तो बोअर मारणार नाही. त्यानं बोअर मारलं तर आपली विहीर आटंल. मग आपण बोअर मारायचं, त्याच्यापेक्षा शंभर फूट खोल. मग त्यानं. शेवटाला दोघांच्या हातात पाइप राहतील.”

यात औदार्य वगैरे काही नाही. शेजाऱ्यांशी आण्णांचे अजूनही बोलणे नाही. पण जमिनीखालचे पाणी बांध पाहून थांबत नाही, ही गोष्ट त्या जेवणाच्या ताटावर मला जितकी स्वच्छ कळली, तितकी कुठल्याही व्याख्यानात कळली नव्हती. आमच्या भागात बोअरची यंत्रे पाचशे-सातशे फूट खाली जातात. महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९ चा, अमलात आला २०१४ पासून. त्यात ६० मीटरहून, म्हणजे साधारण दोनशे फुटांहून खोल विहीर शेतीसाठी घेण्यास मनाई आहे. कायदा पुस्तकात आहे, यंत्र शिवारात आहे.

कागदाच्या तळ्याविषयी माझे मत येथे सांगून टाकतो. कागद वाईट नाही. पावसाळ्यात ओढ्याचे वाहून जाणारे पाणी उचलून त्यात साठवले आणि उन्हाळ्यात ठिबकने बागेला दिले, तर ते शहाणपणाचे काम आहे. पण पुष्कळ ठिकाणी घडते ते उलटे. पाऊस संपला की बोअर आणि विहिरी चालू होतात आणि जमिनीखालचे, सावलीतले, सगळ्यांच्या वाट्याचे पाणी उपसून एकाच्या प्लॅस्टिकच्या टाकीत, उन्हात आणून ठेवले जाते. ज्याला हे परवडते तो उन्हाळ्यात निश्चिंत, आणि बाजूचा आपल्या विहिरीत डोकावत बसलेला. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये जानेवारी २०१७ मध्ये ईश्वर काळे यांनी महाराष्ट्रातल्या शेततळ्यांच्या अशाच वापरावर लेख लिहिला होता. ते वाचून आमच्या गावातल्या कुणाला आश्चर्य वाटले नसते.

पुन्हा उन्हाचा हिशेब वेगळाच. आमच्या मे महिन्यात उघडे पाणी दिवसाला सेंटिमीटरभर तरी उडून जाते. ३० बाय ३० च्या काठोकाठ भरलेल्या तळ्यातून म्हणजे रोज ९,००० लिटर. ज्या दिवशी गावात टँकरची वाट पाहत घागरींची रांग लागते, त्या दिवशी शिवारातले एकेक भरलेले तळे जवळपास एकेक टँकर आकाशाला देऊन टाकते. जमिनीखालच्या पाण्याला हा कर पडत नाही.

पाणी कुणाचे, हा प्रश्न पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर मांडला होता. त्यांच्या पाणी पंचायतीत पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, घरातल्या माणसांवर ठरे. माणशी अर्ध्या एकराला पाणी, भूमिहीनालाही हक्क, आणि उसाला बंदी. उसाचे कारण आमच्या तळ्याच्या मापात सांगता येईल. मोकाट पाण्यावरच्या उसाला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाणी लागते, म्हणजे एकरी ८० लाख लिटर. आमच्यासारखी चार तळी एक एकर ऊस पिऊन टाकील. तेच पाणी सोयाबीनला किंवा हरभऱ्याला तुषारने पाच सेंटिमीटर द्यायचे म्हटले तर एकरी दोन लाख लिटर पुरतात. वैयक्तिक शेततळ्यांच्या योजनेत साळुंख्यांच्या प्रश्नाला जागा नाही. तळे मागेल त्याला आहे. न मागणाऱ्याचे काय, भूमिहीनाचे काय, हे अर्जाच्या नमुन्यात येत नाही.

खणणे चार दिवसांचे आणि राखणे जन्माचे, याचा अनुभव तळेवाल्या प्रत्येकाला येतो. अनेक जण तळे खणतात, फोटो काढतात, अनुदान घेतात आणि विसरतात. चार पावसाळ्यांत त्याचा उथळ डबरा होतो. बेशरमाची झुडपे माजतात, डास होतात आणि मग ‘शेततळ्यात काही राम नाही’ असे मत पसरते.

आमच्याकडे तळ्याचे वर्ष असे जाते. मृगाच्या आधी गाळखड्डा रिकामा करायचा आणि पाणी येण्याची चारी साफ करायची. दर मोठ्या पावसानंतर बांधावरून एक चक्कर. खेकडे आणि घुशी बांधात बिळे पाडतात. अंगठ्याएवढ्या बिळातून पाणी झिरपू लागले की दोन दिवसांत त्याची मोरी होते. म्हणून बीळ दिसले की उकरून, ओली माती ठोकून बुजवायचे. बांधावर हराळी लावली आहे. शेतात हराळी म्हणजे शेतकऱ्याचा शत्रू, तिच्या मुळ्या काढताना कंबर मोडते. बांधावर तीच हराळी माती धरून बसते. बाभळीचे रोप उगवले तर लहानपणीच काढायचे, कारण झाड वाळल्यावर कुजलेली मुळी पाण्याला आयती वाट करून देते. साचलेल्या पाण्यात गप्पी मासे सोडले की डासांची काळजी मिटते. रोहू-कटल्याचा प्रयोग पुतण्याने एकदा केला. आमचे पाणी माशांना मोठे होईपर्यंत थांबत नाही. टिटवीने मात्र पहिल्याच वर्षी काठावर अंडी घातली आणि हिवाळ्यात शेपटी हलवणारे धोबी येतात. त्यांना गळक्या तळ्याची काही तक्रार नाही.

गाळ तीन वर्षांतून एकदा काढतो. खाली पाणी मुरण्याच्या वाटा गाळाने बुजतात, म्हणजे गाळ साठला की तळे कमी गळते. पुतण्याला हे सोयीचे वाटते. आण्णांना वाटत नाही. तो गाळ तरी कुणाचा? आमच्याच वरच्या शेताचा. तो ट्रॉलीने परत वर जातो. सरकारने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या नावाने धरणांसाठी जे सुरू केले, ते आमच्या शेतात अकरा एकरांपुरते चालते.

या सगळ्यांत महत्त्वाचा भाग सांडवा आणि सर्वांत दुर्लक्षित भागही तोच. तळे भरण्याचा विचार सगळे करतात. भरल्यावर पुढचे पाणी कुठे जाणार, याचा करत नाहीत. नळदुर्गची गोष्ट इथे सांगायची होती. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ मध्ये, तिथे बोरी नदीवर किल्ल्याच्या आतच धरण बांधले आणि त्या भिंतीच्या पोटात पाणीमहाल काढला. पावसाळ्यात भिंतीवरून पाणी दोन ठिकाणी पडते, त्यांना लोक नर आणि मादी म्हणतात आणि सोलापूर-धाराशिवचे लोक सुटीच्या दिवशी पोराबाळांसह ते बघायला येतात. धबधबा म्हणून बघतात. खरे तर तो सांडवा आहे. चारशे पावसाळे ती भिंत उभी आहे, कारण तिच्यावरून जादा पाणी कुठून जाऊ द्यायचे हे बांधणाऱ्याने आधी ठरवले होते.

आमचा सांडवा तीन मीटर रुंद, दगड बसवलेला आणि बांधाच्या माथ्यापेक्षा दोन फूट खाली. २०२५ च्या सप्टेंबरात भूम-परंड्याकडे पुराने शेते खरवडून नेली, माणसे घरांच्या छपरांवर अडकली आणि त्यांना काढायला हेलिकॉप्टर आणावे लागले. आमच्याकडे तेवढा कहर नव्हता, तरी सांडव्यावरून दोन दिवस गुडघाभर पाणी चालले होते. बांध राहिला. सोयाबीन राहिले नाही. साचलेल्या पाण्यात ते काळे पडले. तळ्याने सगळेच वाचते असे नाही.

त्याने वाचवले ते २०२३ मध्ये. त्या ऑगस्टात देशभरात पाऊस इतका कमी झाला, की १९०१ पासूनच्या नोंदींत तितका कोरडा ऑगस्ट नव्हता. आमच्याकडे सोयाबीन शेंगा भरण्याच्या बेतात होते. जुलैच्या पावसाने भरलेले तळे गळत गळत निम्म्यावर आले होते. निम्मे म्हणजे नऊ-दहा लाख लिटर. तुषारचे पाइप जोडले, रात्रीची वीज येईल तेव्हा पंप चालवला आणि चार एकरांना एकदा पाणी दिले. चार एकर ओले झाले तेव्हा तळ दिसू लागला होता. पीक शेजारपाजारच्या मानाने बरे आले, बाजारात भाव मात्र पडलेला होता. आण्णांनी जे आले ते चार पायल्यांनी जास्तच आले, एवढेच म्हटले.

त्याच आठवड्यात खालचे शेजारीही आपल्या विहिरीवरून सोयाबीन भिजवत होते. दोन्ही शेतांत तुषारच्या तोट्या एकाच लयीत फिरत होत्या. विहिरीतल्या पाण्यात तळ्याचा वाटा किती आणि जुलैच्या पावसाचा किती, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. त्यांनी बोअर मारलेले नाही, एवढे खरे.

पुतण्याने आता नवी मांडणी केली आहे. वर गोठ्याजवळ १० बाय १० ची छोटी कागदाची टाकी, पावसाळ्यात या तळ्यातूनच भरायची, वर जाळीची सावली करायची आणि उन्हाळ्यात फक्त जनावरांना आणि वहिनींच्या भाजीच्या वाफ्यांना वापरायची. बोअरचे नाव काढलेले नाही. वहिनींनी कुंपण आणि चार दोर या अटीवर संमती दिली आहे. आण्णा अजून हो म्हणालेले नाहीत, नाहीही म्हणालेले नाहीत. आधी गाळ काढा, म्हणतात. ट्रॅक्टरवाल्याला पाडव्यानंतरचा सोमवार दिला आहे.